एक फिट गेली, दुसरी आली, आता तिसरीची वाट बघायची का?

मागच्या महिन्यात फिट आल्यावर काय करायचं यावर छोटं उत्तर दिलं होतं, म्हणजे कुशीवर वळवा, घड्याळ बघा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, एवढंच. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की अहो एक आली तर सांभाळतो आम्ही, पण लागोपाठ येतात त्याचं काय. म्हणून यावेळचं सदर सगळं त्याच विषयावर.

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत, लहानपणापासून अपस्मार आहे. एरवी दोन-तीन महिन्यांतून एखादी फिट येते, मिनिट-दीड मिनिटात थांबते, थोडं झोपतात आणि उठून कामाला लागतात. गेल्या महिन्यात मात्र एकाच दिवसात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन आल्या. मधे चांगले शुद्धीवर होते, बोलत होते, जेवले पण. सासूबाई म्हणाल्या, दर वेळी बरा होतोय ना मग कशाला धावपळ. रात्री चौथी आली तेव्हा दवाखान्यात नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले हे क्लस्टर आहे, आधी का नाही आणलंत. इतक्या वर्षांत हा प्रकार आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. नक्की कधी घाबरायचं?

उत्तर : सासूबाईंचं अगदीच चुकलं असं नाही, मधे शुद्ध येत होती ही खरंच चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर समाधान मानून चालत नाही. क्लस्टर म्हणजे त्या माणसाच्या नेहमीच्या हिशोबापेक्षा जास्त फिट्स थोड्या वेळात लागोपाठ येणं, आणि दोन फिट्सच्या मधे तो परत भानावर येणं. किती आल्या की क्लस्टर म्हणायचं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, कोणी २४ तासांत ३ धरतं, कोणी २४ तासांत २, कोणी ६ तासांत २. मला विचाराल तर घरच्यांनी या आकड्यांच्या नादी लागूच नये. ज्याला महिनोन्महिने काही होत नाही त्याला एका दिवसात दोन आल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि ज्याला रोजच चार-पाच बारीक फिट्स येतात त्याच्यासाठी चार हा नेहमीचाच दिवस. तुमच्या मिस्टरांचा हिशोब तुम्हीच लिहिलाय, दोन-तीन महिन्यांतून एक. मग दुपारची दुसरी आली तेव्हाच डॉक्टरांना फोन जायला हवा.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्टेटस एपिलेप्टिकस, आणि ती मात्र सरळ इमर्जन्सी. अंग ताठ होऊन झटके येणारी मोठी फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा एक थांबली पण शुद्ध यायच्या आतच दुसरी सुरू झाली, की अँब्युलन्स बोलवायची, तिथे चर्चा नको. बहुतेक मोठ्या फिट्स एक-दोन मिनिटांत आपल्याआप थांबतात, ५ मिनिटं ओलांडलेली फिट मात्र स्वतःहून थांबेल याचा भरवसा कमी होत जातो आणि अर्ध्या तासापर्यंत ताणली गेली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्या फिटमधे माणूस पडत नाही, नुसता टक लावून बघतो, ओठ चावल्यासारखं करतो, कपड्यांशी चाळा करतो आणि हाक मारली तरी कळत नाही, तिथे ही मर्यादा १० मिनिटांची धरतात. क्लस्टरकडे दुर्लक्ष करायचं नाही ते मुख्यतः यासाठी, कारण काही क्लस्टर पुढे जाऊन स्टेटस होतात, आणि कुठला होणार हे तिसऱ्या फिटच्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. याशिवाय आयुष्यातला पहिलाच क्लस्टर असेल, डोक्याला मार लागला असेल, फिट पाण्यात आली असेल, गरोदरपण असेल, फिट थांबली तरी श्वास नीट लागत नसेल किंवा घरी द्यायचं इमर्जन्सीचं औषधच नसेल तर मिनिटं मोजत बसू नका, निघा.

आता हे का झालं, याचा पहिला संशय रोजच्या गोळ्यांवर घ्यायचा. "घेतोय की रोज" असं सगळेच म्हणतात आणि खरंच तसं वाटत असतं त्यांना, म्हणून विचारू नका, स्ट्रिप हातात घ्या आणि रिकाम्या झालेल्या जागा मोजा, पाकीट कोणत्या तारखेला उघडलं ते आठवा, हिशोब लागतो की नाही ते लगेच कळतं. गोळी घेतली पण तासाभरात उलटी झाली, दोन दिवस जुलाब झाले, केमिस्टकडे नेहमीची कंपनी नव्हती म्हणून दुसरी दिली, हे सगळंही त्यातच आलं. मग ताप, जागरण, दारू (त्यातही रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जास्त), आणि दुसऱ्याच कुठल्यातरी आजारासाठी सुरू झालेलं नवीन औषध. ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक काहींना फिटच्या दिशेने ढकलतं, आणि व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असलेल्या पेशंटला दवाखान्यात मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं गेलं तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत धाडकन खाली येते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्या सुद्धा, फिटच्या औषधांची यादी आधी दाखवायची. फिटसाठी ऑक्सकार्बाझेपिन किंवा कार्बामाझेपिन घेत असतील तर रक्तातलं सोडियम कमी झालंय का तेही तपासून घ्या. आणि एवढं करून कारण सापडलं नाही तर नाही सापडलं, बऱ्याचदा नाहीच सापडत, त्यावरून घरात एकमेकांना बोल लावत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे, तिला क्लस्टर येतात म्हणून नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिलाय. माझे मोठे भाऊ म्हणतात ते झोपेचं औषध आहे, श्वास बंद पडतो, अगदीच गळ्याशी आलं तरच वापर. मागच्या वेळी चार फिट्स होईपर्यंत थांबलो आणि मग दिला, तरी पाचवी आलीच. मग हे औषध काय कामाचं?

उत्तर : औषध कामाचं आहे, उशीर झाला. तुमच्या भावांची काळजी खोटी नाही, पण सल्ला उलटा आहे आणि तो का उलटा आहे हे जरा सविस्तर सांगते, कारण या एका गैरसमजापायी कितीतरी घरांत हा स्प्रे कपाटात पडून एक्सपायर होतो.

मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. मिडाझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोबाझाम ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, आणि ती गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या गाबाच्या बसायच्या जागेवर, बसून त्याचा जोर वाढवतात. फिट लांबत गेली की पेशी हे रिसेप्टर स्वतःच्या पृष्ठभागावरून आत ओढून घ्यायला लागतात, म्हणजे औषध पोचतं पण बसायला जागाच कमी उरते, आणि त्याच वेळी उत्तेजना वाढवणारे दुसरे रिसेप्टर वर येतात. हे मुख्यतः लांबलेल्या फिटमधे दिसलेलं आहे, पण लवकर दिलेला डोस जास्त चालतो हा अनुभव क्लस्टरमधेही येतो. जे काम पहिल्या डोसात होणार असतं त्याच्यासाठी नंतर शिरेतून इंजेक्शन आणि ॲडमिट करणं आलं.

राहिला श्वास. २००१ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात न थांबणारी फिट असलेल्या मोठ्या माणसांना अँब्युलन्समधेच शिरेतून लोराझेपाम, डायझेपाम किंवा तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं खोटं इंजेक्शन दिलं होतं. श्वासाच्या आणि रक्तदाबाच्या वगैरे अडचणी खरी औषधं मिळालेल्यांत साधारण १० ते ११ टक्के लोकांना आल्या, आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत २२ टक्क्यांहून जास्त. हे नाकातल्या स्प्रेबद्दल नाही आणि लहान मुलांबद्दलही नाही, तरी मुद्दा समजून घ्या की चालू राहिलेली फिट स्वतःच श्वास बिघडवते. वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या डोसात मुलगी गाढ झोपेल, उठल्यावर डुलेल, मधलं काही आठवणार नाही, ते सगळं अपेक्षित आहे. काळजी कुठे घ्यायची, तर मॉर्फिन, ट्रामाडॉलसारखी औषधं सोबत चालू असतील, फुप्फुसाचा जुना आजार असेल किंवा झोपेत श्वास अडकायचा त्रास असेल तर. तसं काही असलं तर डॉक्टरांना आधीच सांगा, काही वेळा पहिला डोस त्यांच्या देखरेखीखाली देऊन बघतात.

तिसऱ्या-चौथ्या फिटपर्यंत थांबायचं की दुसरीलाच द्यायचं हे मात्र भावांनी नाही ठरवायचं, मीही नाही, तिच्या न्यूरोलॉजिस्टनी ठरवायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. पुढच्या भेटीत बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका: किती वेळात किती फिट्स आल्या की स्प्रे, एका फिटला किती मिनिटं झाली की स्प्रे, किती डोस, दुसरा द्यायचा का आणि किती वेळाने, आणि त्यानंतर अँब्युलन्स कधी. एक प्रत स्प्रेच्या डब्यात, एक शाळेत, आणि फोटो सगळ्यांच्या फोनमधे. काही मुलांची पहिली फिट बघूनच आईला कळतं की आज हा दिवस तसलाच जाणार (नेहमीपेक्षा लांबलेली असते, किंवा झोपेत आलेली असते, किंवा आदल्या दिवसापासून मूल चिडचिडं असतं), तसं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, प्लॅनमधे बसवता येतं.

दुसऱ्यांचा प्लॅन उचलू नका. उदाहरणार्थ बाहेर देशांत मिळणाऱ्या एकाच डोसच्या स्प्रेंमधे मिडाझोलमचा दुसरा डोस गरज पडली तर १० मिनिटांनी देता येतो आणि डायझेपामच्या स्प्रेचा किमान ४ तासांनी, दोन्ही नाकातलेच पण गणित वेगळं. बाटलीतही फरक असतो. काही स्प्रे एकदाच दाबायचे असतात, चालतो का बघायला हवेत दाबला की डोस संपला. काहींना उलट पहिल्यांदा वापरताना हवेत दोन-चार वेळा दाबून पंप भरावा लागतो आणि मग ठरलेले पफ दोन्ही नाकपुड्यांत वाटून द्यायचे असतात. हे फिट चालू असताना वाचायची गोष्ट नाही, आज वाचा. दिल्यावर वेळ लिहा, मुलीला कुशीवर ठेवा, छाती वरखाली होतेय ना ते बघत बसा. आणि महिन्यातून बऱ्याचदा स्प्रे लागायला लागला तर त्याचा अर्थ रोजचं औषध पुरत नाहीये, स्प्रेवर भागवत राहायचं नाही. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात आणि मग ऑपरेशन, फिट्ससाठीचं खास डाएट, मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला हलके विजेचे ठोके देणारं मशीन यांचा विचार करणाऱ्या मोठ्या सेंटरला दाखवायचं असतं, त्यासाठी वर्षानुवर्षं थांबायचं नसतं.

प्रश्न : फिट चालू असताना जिभेखाली गोळी ठेवली तर चालेल का? स्प्रे मिळत नाही आमच्याकडे.

उत्तर : फिट चालू असताना नाही, घशात जाऊ शकते. स्प्रे नसेल तर गाल आणि हिरडीच्या मधे सोडायचं पातळ मिडाझोलम असतं किंवा गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम, ते जुनं आहे पण उत्तम चालतं. क्लोबाझामची गोळी काही डॉक्टर क्लस्टरसाठी देतात, पण ती दोन फिट्सच्या मधे, पूर्ण शुद्धीवर येऊन पाणी नीट गिळता आल्यावरच.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. मला पाळी यायच्या आधी दोन दिवस आणि पहिल्या दिवशी अशा मिळून चार-पाच फिट्स येतात, बाकी महिना ठीक जातो. आई म्हणते टेन्शन घेतेस म्हणून. डॉक्टरांना सांगायला लाज वाटते.

उत्तर : लाज अजिबात बाळगू नकोस, हे तुझ्या टेन्शनचं नाही, हार्मोन्सचं आहे आणि याला वेगळी ट्रीटमेंट असते. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात जो एक पदार्थ बनतो तो वर सांगितलेल्या गाबाच्याच बाजूने काम करतो, म्हणजे फिट्सना आवर घालतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपकन खाली येतं, आवर सुटतो, आणि बरोबर त्याच दिवसांत फिट्स गोळा होतात. काही मुलींना हेच महिन्याच्या मधे, बीज सुटायच्या सुमारास होतं. तू तीन महिने एवढंच कर, पाळीची तारीख आणि फिट्सच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांड आणि ते पान डॉक्टरांसमोर ठेव, तोंडाने काही सांगायची गरजच पडणार नाही. पाळी नियमित असेल तर त्या ठरावीक दिवसांपुरतं क्लोबाझाम देणं हा एक उपाय असतो, आणखीही आहेत. स्वतःहून मात्र पाळी लांबवायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू करू नकोस. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी बरीच खाली येते, आणि उलट कार्बामाझेपिन, फेनिटॉइनसारख्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीच नीट काम करत नाही.

प्रश्न : आमचं बाळ सहा महिन्यांचं आहे. झोपेतून उठलं की हात पसरतं, मान एकदम पुढे टाकतं, परत सरळ होतं, असं दहा-पंधरा वेळा लागोपाठ करतं. घरात म्हणतात पोटात दुखत असेल. व्हिडिओ काढून ठेवलाय.

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नका म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहेच, पण दुसऱ्या आईवडिलांसाठी इथे छापते आहे. तान्ह्या बाळाला उठल्या उठल्या असे माळेसारखे झटके येत असतील तर ते इन्फंटाइल स्पाझम असू शकतात. एकेक झटका सेकंद-दोन सेकंदांचा, दिसायला किरकोळ, पण बाळाच्या वाढीवर याचा परिणाम फार मोठा होतो आणि उपचार जितका लवकर तितकं चांगलं. १८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःच्याच बाळाचं असंच वर्णन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवलं होतं, तेव्हा उपाय नव्हता, आज एसीटीएच (हार्मोनचं इंजेक्शन), स्टेरॉइड, व्हिगाबॅट्रिन ही औषधं आहेत. व्हिडिओ घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) लवकरात लवकर करायला सांगायचं. पोटदुखी की हे, याचा निकाल घरी लावायचा नाही.

प्रश्न : माझ्या भावाला (वय २९) एका रात्रीत पाच फिट्स आल्या, ॲडमिट केलं, दुसऱ्या दिवशी घरी आला, दोन दिवस एकदम नॉर्मल. तिसऱ्या दिवसापासून झोपत नाही, देवाने मला निवडलंय म्हणतो, आम्ही त्याच्यावर पाळत ठेवतोय म्हणतो. नातेवाईक नको नको ते सांगतायत. याला वेड लागलंय का?

उत्तर : नाही, आणि ही गोष्ट क्लस्टरबद्दल बोलताना डॉक्टरांकडूनही बऱ्याचदा सांगायची राहून जाते. फिट्सचा मोठा झोका येऊन गेल्यावर माणूस आधी बरा दिसतो, काही तासांपासून आठवडाभरापर्यंत, आणि मग असे भास, संशय, अति धार्मिक बोलणं, जागरण सुरू होतं. याला पोस्टइक्टल सायकोसिस म्हणतात. मधे जे चांगले दिवस जातात त्यामुळेच फिट्सशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही, मग जो तो आपापलं निदान करत सुटतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत उतरतं, पण तोपर्यंत माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो, म्हणून त्याला एकटं सोडू नका, वाद घालू नका, आणि आजच न्यूरोलॉजिस्टना फोन करा, सायकियाट्रिस्टही लागतील. थोड्या दिवसांचं औषध चांगला गुण देतं. अलीकडे लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध सुरू केलं असेल किंवा वाढवलं असेल तर तेही सांगा, त्यानेही काहींचा स्वभाव बदलतो, चिडचिड होते, क्वचित भासही होतात. फिटची औषधं मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत, नाहीतर पुढचा क्लस्टर ठरलेला. आणि हे लिहून ठेवा, कारण पुढच्या क्लस्टरनंतर परत होऊ शकतं, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोप उडाली की लगेच हालचाल करता येईल.

प्रश्न : सगळं घरच्यांसाठीच लिहिता. मी ३४ वर्षांचा आहे, एकटा राहतो. मला फिटच्या आधी पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटतं, मग अर्धा-एक मिनिट हरवतो. कधीकधी एका संध्याकाळी तीन-चार वेळा होतं आणि शेवटची मोठी होते. मी काय करायचं?

उत्तर : रास्त तक्रार आहे. ते पोटातून वर येणं म्हणजेच छोटी फिट असते, तिथून ती पसरते. तुम्हाला इशारा मिळतोय आणि दोन फिट्सच्या मधे तुम्ही भानावर असता, हे दोन्ही तुमच्या बाजूने आहे. तुमच्यासारखे काही पेशंट डॉक्टरांच्या परवानगीने दुसऱ्या छोट्या फिटनंतर स्वतःच औषध घेतात, तुमच्या बाबतीत चालेल का, कुठलं आणि किती, हे पुढच्या भेटीत थेट विचारा. घेतल्यावर झोप येणार, म्हणून आधी एका माणसाला फोन किंवा ठरलेला मेसेज, दाराची आतली कडी काढलेली, गॅस बंद, मग औषध, मग खाली गादीवर कुशीवर. क्रम हाच ठेवा, कारण तिसरी आल्यावर फोनवर बोलता येईलच असं नाही. त्या दिवशी अंघोळ नाही, जिना नाही, गाडी तर नाहीच.

एक गोष्ट कोणी सांगितली नसेल म्हणून सांगते. अपस्मार असलेल्या प्रौढांमधे वर्षाला साधारण १००० मधे एकाचा अचानक मृत्यू होतो, बऱ्याचदा झोपेत, आणि ज्यांना मोठ्या फिट्स वारंवार येतात, खास करून रात्री, आणि जवळ कोणी नसतं, त्यांना हा धोका जास्त. हे घाबरवायला नाही सांगत, तुमची शेवटची मोठी फिट टाळणं हेच का महत्त्वाचं ते कळावं म्हणून सांगते. डॉक्टरांना "अधूनमधून येतात" असं मोघम सांगू नका, तारीख, किती वाजता, कितवी छोटी, मोठी झाली की नाही, फोनमधे लगेच टाका. रात्री झटके आले की दुसऱ्याला कळवणारी घड्याळं, गादीखालचे सेन्सर मिळतात, सगळ्या फिट्स पकडत नाहीत, पण अलार्म वाजल्यावर येऊ शकेल असा कोणीतरी जवळपास असेल तर घ्यायला हरकत नाही. शेजाऱ्यांपैकी एकाकडे किल्ली देऊन ठेवा आणि स्प्रे कुठे ठेवलाय ते त्याला हाताने काढून दाखवा.